ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही

माझ्या कानातली ऐकण्याची यंत्रं अधूनमधून मला विचारतात की आमच्या बदललेल्या अटी तुम्हाला मान्य आहेत का. मी वाचत नाही. 'मान्य' दाबते आणि चहा ठेवते. लहानपणी आमच्या घरी अशाच गोष्टींवरून आईबाबांचं इतकं वाजायचं की ताटातली आमटी निवून जायची. दोघांनाही वाटायचं की आपण जे म्हणतोय त्याने जगात काहीतरी फरक पडणार आहे. मला आता तसं वाटत नाही. कंपन्या माजल्यात की सरकारं ढिली पडलीत, हा वाद मी इतक्या जेवणांत ऐकलाय की दोन्ही बाजू मला पाठ आहेत, दोन्ही बऱ्याच अंशी खऱ्या आहेत, आणि त्यातून कुणाचं काही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण माईआत्याच्या कानांची गोष्ट मात्र लिहून ठेवायची आहे. मी मराठी बोलते, आणि चाळिशी उलटल्यावर अक्षरं गिरवून आता हे असं लिहितेही, ते तिच्यामुळे. खरं म्हणजे तिच्या बंद पडलेल्या यंत्रांमुळे. त्याबद्दल आभार मानायचे तर ते कंपनीचे मानावे लागतील, आणि ते मी मानणार नाही.

आम्ही तेव्हा आयर्लंडमध्ये, ॲडम्सटाउनला स्टेशनासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचो. घर लहान पण फार बोलकं होतं. भांडी धुण्याचं मशीन काम संपलं की गाणं म्हणायचं, फ्रीजचं दार जरा उघडं राहिलं की तो किरकिरायचा, आणि शेगडीच्या काचेला ओलं बोट लागलं की ती स्वतःला कुलूप लावून घ्यायची. मग आई अर्धी पोळी तव्यावर टाकून तिच्या विनवण्या करायची. समोरून गाड्यांच्या घोषणा यायच्या, आधी आयरिशमध्ये, जी फलाटावर फारशी कुणाला कळत नसे, आणि मग इंग्रजीत. अख्ख्या इमारतीला ऊब एकाच कंपनीकडून मिळायची. ती कंपनी कुणी निवडली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती नको असेल तर उपाय एकच, घर बदलायचं. थंडीत भिंतीवरच्या पडद्यावर 'आम्ही सुधारणा करत आहोत' असं आलं की आई दोन स्वेटर चढवून म्हणायची, "कंपन्यांना मोकळं सोडलं की असं होतं." बाबा लगेच, "मोकळं कुठे सोडलंय? परवाना एकालाच दिलाय सरकारने. कॉम्पिटिशन असती ना, तर झक मारत सर्व्हिस दिली असती." मी दोघांच्या मधे बसून जेवायचे.

आई हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. नियम मोडून वापरलेल्या वस्तूंनी माणसांचं काय होतं ते तिने टेबलावर पाहिलं होतं, त्यामुळे नियम म्हटलं की ती हात जोडूनच उभी राहायची. बाबा एका मोठ्या अमेरिकन कंपनीत होता. कुठल्या देशातल्या माणसाला काय दिसावं आणि काय दिसू नये हे ठरवणारं सॉफ्टवेअर त्याची टीम लिहायची. प्रत्येक देशाचे कायदे निराळे, ते समजून घेण्यात वेळ जातो, म्हणून जिथे शंका तिथे दार बंद, हा त्यांचा धोपटमार्ग. 'ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही' या वाक्याआधी 'सॉरी' लावायचं की नाही यावर त्यांच्या ऑफिसात बैठका झाल्या होत्या. लावावं असं बाबाने सुचवलं आणि ते मान्य झालं. त्या दिवशी तो खुशीत घरी आला होता, येताना केक घेऊन.

माईआत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण. आजीआजोबा लवकर गेले, बाबाला तिनेच वाढवलं, आणि त्या धबडग्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. ती कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. जन्मभर कानाला हेडफोन लावून तिने दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि रिटायर झाल्यावर तिचेच कान गेले. आमच्याकडे ती पहिल्यांदा आली ती उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, नव्वद दिवसांच्या व्हिसावर, कानात नवी कोरी यंत्रं घालून आणि बॅगेत स्वेटरपेक्षा कांदा-लसूण मसाला जास्त भरून. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, इथे सगळे प्रेसच म्हणतात, मसाल्याचा वास असा मुरला की पुढे ते घर विकतानाही तो होता. तिचा पांढरा रस्सा पिऊन बाबा पाटावर बसलेल्या लहान मुलासारखा गप्प व्हायचा. तिकडच्या बायकांच्या रीतीने ती स्वतःला 'मी आलो, मी गेलो' म्हणायची, आणि आमच्या घराबद्दल पहिल्याच दिवशी म्हणाली, "सुधीर, हितं समदं बोलतंय रं. माणसंच तेवढी गप हाईत."

ते माझ्याबद्दल होतं. मला मराठी समजायचं पण मी बोलायचे नाही. लहान असताना इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओंगार भागातल्या हॉलमध्ये मला स्टेजवर चार वाक्यं बोलायला उभं केलं होतं. माझ्या तोंडात 'त' चा 'ट' व्हायचा, 'ळ' तर कुठेच सापडायचा नाही. मी "माझा आवडटा सण" म्हटलं आणि हॉल हसला. प्रेमानेच हसला, एका काकूंनी तर गालगुच्चा घेऊन पुन्हा म्हणायला लावलं आणि पुन्हा हसल्या. त्यानंतर मी मराठीला फक्त इंग्रजीत उत्तर द्यायचे. माईआत्याशीही तसंच. तिचं इंग्रजी एक्स्चेंजपुरतं. मी काही बोलले की ती कानाशी हात नेऊन मान तिरकी करायची आणि म्हणायची, "नंबर प्लीज?" मला हसू यायचं, पण मराठी यायचं नाही.

तिला इथलं ऐकायला आवडायचं. खिडकीशी खुर्ची टाकून ती गाड्यांच्या घोषणा ऐकायची, तळमजल्यावरच्या नोरीनचा खोकला ऐकून ती बरी आहे का ते मला बघायला पाठवायची. एका रविवारी बाबाच्या मनात आलं की तिला बसचं ॲप घालून द्यावं, म्हणजे ती एकटी शेजारच्या लुकनला जाऊन भाजी आणू शकेल. बसचं ॲप इथल्या दुकानात, म्हणजे मोबाइलमधल्या दुकानात, आणि माईआत्याचा फोन भारताचा. बाबाने तिच्या खात्यावरचा देश बदलून आयर्लंड केला. दुसरं कुणी असतं तर आधी कुणाला तरी विचारलं असतं. पण हेच ज्याचं रोजचं काम, तो कुणाला कशाला विचारेल? संध्याकाळी यंत्रांच्या ॲपने नवी आवृत्ती घेतली, खात्यावरचा नवा देश पाहिला, आणि पडद्यावर तेच वाक्य आलं. सॉरीसकट.

यंत्रांना कुठला आवाज किती वाढवायचा हे त्या ॲपमधून कळायचं. ॲप गेलं आणि कानात नुसते बोळे उरले. माईआत्या खुर्चीवरून उठली, फ्रीजचं दार उघडून त्याच्याजवळ कान नेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो पण गप झाला की."

बाबाने देश परत भारत करायला घेतला. दुकानाचा नियम, देश वर्षातून एकदाच बदलता येतो. दुसऱ्या फोनला यंत्रं जोडायची तर ज्याने विकली तोच ती मोकळी करणार, तीही त्याच्या हातात दिली तर, आणि तो होता कोल्हापुरात, राजारामपुरीत. कंपनीच्या चॅटवर एक यंत्रच बोलायला होतं. तुमचा त्रास मी समजू शकतो, असं ते प्रत्येक वाक्याआधी म्हणायचं. पुढे कधीतरी माणूस आला आणि त्याने सांगितलं की तुमच्याकडच्या सरकारने या मॉडेलला मंजुरी दिलेली नाही, आमचा नाइलाज आहे. इथल्या वैद्यकीय उपकरणांच्या ऑफिसने सांगितलं की कंपनीने मंजुरी मागितलेलीच नाही, आणि जी वस्तू इथे विकली जात नाही ती आमच्या हाताखाली येत नाही. ग्राहकांच्या ऑफिसमधली बाई फार गोड होती. तिने बाबाचं सगळं ऐकून घेतलं, हळहळली, आणि म्हणाली की खरेदी भारतातली, त्यामुळे तुम्ही तो आधीच्या ऑफिसमधला, युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी', त्याच्याशीच पुन्हा बोला. लुकनमधल्या कानाच्या दुकानदाराने यंत्रं हातात घेऊन कौतुक केलं. मस्त आहेत म्हणाला, पण आम्ही हात लावला तर आमचं लायसन्स जाईल. नवी घ्या म्हणाला. माईआत्याने त्याच्या तोंडाकडे बघून अंदाजाने ओळखलं आणि यंत्रं मुठीत घट्ट धरली. "चांगली हाईत की माझी. मोडल्याली न्हाईत." आणि ते खरंच होतं. मोडलेलं काहीच नव्हतं. कुणी खोटं बोललं नाही, कुणी उद्धटपणा केला नाही, प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं. आयुष्यात पुढे मला हाच अनुभव इतक्यांदा आला की आता कुणी नीट, नम्रपणे बोलायला लागलं की मला आधी दमल्यासारखं होतं.

घरात भांडण तेच राहिलं, फक्त त्यांनी बाजू बदलल्या. बाबा म्हणायचा, "लाज नाही या कंपन्यांना. विकताना जगभर चालेल म्हणतात आणि मग मागच्या दाराने बंद करतात." आई म्हणायची, "आणि ते उपकरणांचं सरकारी ऑफिस? नियम आहेत म्हणे! माणसासाठी नियम की नियमासाठी माणूस?" दोघं तावातावाने बोलायची आणि मधे माईआत्या भाकरी कुस्करत बसलेली असायची, यांच्या तोंडांकडे बघत, भांडण तिच्यावरून आहे हे कळत असून. ती ओठ वाचायची. पण जेवताना, हातवारे करत, अर्धी मराठी अर्धी इंग्रजी बोलणाऱ्या माणसांचे ओठ कुणाला वाचता येणार? हळूहळू तिने बघणंही सोडलं. स्वयंपाक करायची, खिडकीशी बसायची. नोरीनच्या खोकल्याबद्दल विचारेनाशी झाली. एका दुपारी बाबाला म्हणाली, "मला पाठव परत. व्हिसा हाय तवर ऱ्हायाला पायजे असं न्हाई. हितं माझं काय काम न्हाई." बाबा बाथरूममध्ये जाऊन रडला. आईने तिकिटाची तारीख अलीकडे आणायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी शाळेतून आले, माझी चावी घरात, आणि पाऊस लागला होता. खालच्या दाराचं बटण दाबलं की इमारतीचं ॲप आईच्या आणि बाबाच्या फोनवर वाजायचं. आई ऑपरेशनमध्ये, बाबा मीटिंगमध्ये. घरात जे माणूस होतं त्याला वाजलेलं ऐकू येत नव्हतं. मी बटण दाबत राहिले. नोरीन तिच्या अंगणात छपराखाली सिगरेट ओढत होती. तिने आत ये म्हटलं. मी 'ग्रँड' म्हटलं, म्हणजे ठीक आहे, नको; का कोण जाणे. मग मला माईआत्याची खुर्ची आठवली. मी रस्ता ओलांडून स्टेशनाच्या कुंपणाशी, ती जिथे बघत असायची तिथे जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात हलवले. बऱ्याच वेळाने काचेमागे काहीतरी हललं. ती बाल्कनीत आली. मी धावत तिच्या खाली आले, वर पाहिलं, आणि इंग्रजीत ओरडले. ती वाकून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचा चेहरा इतका लक्ष देऊन बघणारा, आणि त्यावर काहीही उमटत नव्हतं. तिने कानाशी हात नेला. नंबर प्लीजसुद्धा म्हणाली नाही.

मग मी ते केलं. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, तोंड मोठं उघडून म्हटलं: माईआत्या, दार उघड. मी भिजतेय.

ओठांवर 'त' आणि 'ट' सारखेच दिसतात. हे मला त्या क्षणी काही सुचलं नव्हतं, मी ते नंतर शोधून काढलं. तेव्हा एवढंच कळलं की आवाज नाही तर हसण्यासारखंही काही नाही. वर माईआत्याचं तोंड उघडंच राहिलं. मग ती एवढ्यांदा ओरडली की नोरीनने मान बाहेर काढली. "अगं बया! थांब, थांब, आलो! हितलं बटण दाबतो!" आणि दार उघडलं.

वर गेल्यावर तिने माझं डोकं टॉवेलने इतकं खसाखसा पुसलं की कान लाल झाले. "एवढं चांगलं बोलतीस की! मग इतकं दिस तोंडाला कुलूप का घातल्यालं?" मी पुन्हा ओठांनीच सांगितलं. लोक हसतात. तिने टॉवेल खुर्चीवर टाकला. मग म्हणाली, "मला काय ऐकू येत न्हाई. बोल बिनघोर."

त्या दिवसापासून शाळा सुटली की आमचं घर दोन तास वेगळंच व्हायचं. ती मोठ्याने बोलायची आणि मी आवाजाशिवाय. शब्द अडला की ती ओठांनी दाखवायची आणि मी तसे ओठ करायचे; आवाज तिचा तिच्यापाशी, माझा माझ्यापाशी. तिने मला भाकरी थापायला शिकवली, शेगडीने कुलूप लावून घेतलं की तिच्याच भाषेत शिव्या द्यायला शिकवलं. एक्स्चेंजच्या गोष्टी सांगितल्या. कुणाच्या घरी मयत झाल्याचा ट्रंक कॉल जोडताना आपणच आधी जरा बोलून माणसाला खुर्चीत बसवायचं, ही तिची रीत. मी विचारलं, तेव्हा बरं होतं का? सरकारचं होतं तेव्हा? माझ्या तोंडात ते आईबाबांचंच भांडण होतं. तिने पीठ मळता मळता हात थांबवले. "बरं कशाचं? फोनसाठी माणसं म्हातारी व्हायची. लायनी मरून पडायच्या. पर शिव्या द्यायला मी तरी होतो तितं. लोक मला शिव्या द्यायचे, मी ऐकून घ्यायचो, मग जोडून द्यायचो." इतकंच म्हणाली. मी या विषयावर पुढे बरंच वाचलं, मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली. मला अजून तिचं ते शेवटचं वाक्यच आठवतं.

तिकिटाची तारीख आईने पुन्हा होती तिथे नेली. नव्वद दिवस भरले तेव्हा आम्ही तिला विमानतळावर सोडलं. सिक्युरिटीच्या काचेपलीकडून ती वळली. मी काहीतरी बोलले, तिने मान हलवली, आणि बाबाने विचारलं, "काय म्हणालीस तिला?" मी इंग्रजीत म्हटलं, नथिंग. घरी परतल्यावर कंपनीकडून मेल आली होती की तुमची तक्रार निकाली निघाली आहे, आमच्या सेवेबद्दल किती समाधानी आहात ते कळवा. बाबाने ती मला वाचून दाखवली, आईला वाचून दाखवली, आणि मग फोन बंद करून पालक निवडायला बसला. त्याच वर्षी त्याने ती टीम सोडली. कुठल्यातरी कमी पगाराच्या कामावर गेला, जिथे कुणाला काही नाही म्हणावं लागत नव्हतं. फार काळ तेही टिकलं नाही.

राजारामपुरीतल्या दुकानदाराने यंत्रं हातात घेतली आणि चहा यायच्या आत दुसऱ्या फोनला जोडून दिली. त्याच दिवशी आमच्या रात्रीच्या जेवणानंतर माईआत्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे मध्यरात्र व्हायला आली असणार, पण तिला राहवलं नव्हतं. तिला सगळं ऐकू येत होतं. पंख्याचा आवाज येतोय म्हणाली, शेजारच्यांचं टीव्हीचं भांडण येतंय म्हणाली, बाबाला म्हणाली, "सुधीर, तुझा घसा बसलाय रं." बाबा हसत होता, आईचे डोळे भरले होते. सगळा छळ संपला होता, आम्हाला हवं होतं ते झालं होतं. बाबाने फोन माझ्या हातात दिला आणि भांडी आवरायला गेला.

माईआत्या माझ्याकडे बघत होती. कानात ती यंत्रं चमकत होती. आता तिला माझा 'ट' ऐकू येणार होता. त्या दोन तासांच्या घरात मी जे जे बोलले होते ते सगळं तिच्या मनात कुठल्या आवाजात होतं कोण जाणे, पण या आवाजात नक्कीच नव्हतं. मी म्हटलं, "हाय. हाऊ आर यू?"

"नंबर प्लीज?" माईआत्या म्हणाली.

मी फोन जरा लांब धरला. मग तिने एका कानातलं यंत्र काढलं, दुसऱ्या कानातलं काढलं, दोन्ही फोनसमोर मला दिसतील अशी टेबलावर ठेवली, आणि चष्मा पुसून तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं.

"हां," ती म्हणाली. "आता बोल."